दादाच्या वाट्याची अंडी

“उद्यापास्नं हितं बसून प्यायचं. माझ्यासमोर,” आई म्हणाली आणि दुधाचा पितळी तांब्या तिनं सोप्यातल्या पाटापुढं ठेवला.

दादा उभाच राहिला. अंगाला तालमीची लाल माती, कमरेला पंचा, दोन्ही कान मोडलेले, मान आणि डोकं एकाच जाडीचं. एवढा थोरला गडी आईपुढं उभा राहिला की गृहपाठ न केलेल्या पोरासारखा दिसायचा. मी हे लहानपणापासून बघत आले होते, पण मजा दर वेळी तेवढीच वाटायची.

“परसात काय वाईट हाय आई? मोकळ्या हवेत चांगलं पचतंय.”

“पचतंय म्हणं. एवढी अंडी पोटात जात्यात, अंगाला कुठं लागलेली दिसनात मला. घरात देव हायत म्हणून फोडायची तेवढी परसात. प्यायची हितं. तांब्याचा तळ दिसला पायजे.”

दादानं माझ्याकडं पाहिलं. मी वेणी घालण्यात गर्क असल्याचं दाखवलं. कारण परसात काय चालायचं ते घरात दादाखालोखाल फक्त मलाच ठाऊक होतं, अशी माझी समजूत होती. माझा भाऊ हिंदुराव, ज्याच्या नावानं आमच्या पेठेतली पोरं शड्डू ठोकायची, त्याला कच्च्या अंड्याची शिसारी होती. रोज पहाटे तालमीतून आला की तो अंडी आणि दूध घेऊन परसात जायचा, अंडी फोडायचा, आणि हळूच पेरूच्या बुंध्याशी ओतायचा. नंतर नुसतं दूध पिऊन, मिशी पुसत, ढेकर देत घरात यायचा. त्याचा ढेकर फार खरा वाटायचा.

आमच्या घरात खुराक म्हणजे एक स्वतंत्र खातं होतं आणि आई त्याची मंत्री. तिचा भाऊ दर बाजारच्या दिवशी राधानगरीच्या बाजूनं एसटीनं यायचा आणि भाताच्या कोंड्यात रोवलेली गावरान अंडी आणायचा. ती अंडी दादाची. दूध पहिलं दादाचं, तूप दादाचं, बदाम तर मी मोजूनही कधी बघितले नाहीत. मला अंडं मिळायचं ते ताप आला तर, तेही निम्मं. मला त्याचं वाईट वाटायचं असं म्हणता येणार नाही. पाऊस पडतो तसं ते होतं, त्यावर कोण रुसणार? आमचे वडीलही पैलवान. मी चालायला लागायच्या आत ते गेले. त्यांचा एकच फोटो घरात होता, तालमीच्या मंडळींचा, आणि त्यात त्यांचं तोंड मुगाच्या दाण्याएवढं. आईची एकच इच्छा होती की दादाच्या खांद्यावर एकदा गदा बघावी.

माझ्याबद्दल तिची इच्छा याहून सोपी होती. मी चित्रकलेच्या शाळेत जायचे, ते तिनं एकदा चालवून घेतलं होतं. पण त्या वर्षी इचलकरंजीकडचे पाहुणे येऊन बघून गेले, त्यांना मी पसंत पडले, आणि आईनं माझ्याशी करार केला.

“शालन, सालअखेरच्या प्रदर्शनात तुझं चित्र भिंतीवर लागलं तर पुढची दोन वर्सं शीक. कोण काय बोलणार न्हाई. न्हाई लागलं, तर पावण्यांना हो म्हणायचं.”

आई शब्दाची पक्की होती. म्हणून तर मला घाम फुटला होता. आमच्या वर्गात माझ्यापेक्षा चांगला हात असलेली मुलं पुष्कळ होती. भिंत मात्र एकच होती.

त्यातच गुळवणी सरांनी वर्गात टेम्परा काढला. जुन्या काळी परदेशात अंड्याच्या बलकात रंग कालवून लाकडी फळ्यांवर चित्रं काढत, आणि ती शेकडो वर्षं टिकली, असं त्यांनी पुस्तकातून वाचून सांगितलं. सर स्वतः अंड्याला शिवत नसत. फळ्यावर अंड्याची आकृती काढून, लांबून पट्टीनं दाखवत ते म्हणाले, “हा पांढरा भाग नको. हा पिवळा गोळा हवा. त्याच्यावरची कातडीही नको. तर, कोणीतरी करून पाहा आणि मला सांगा.”

सगळी मुलं हसली. सर पुढं म्हणाले, “आणखी एक गंमत लिहिली आहे. शहरी कोंबडीचा फिका बलक कोवळ्या चेहऱ्यांसाठी वापरायचा. रापलेली, कष्टाची कातडी रंगवायची तर खेड्यातल्या कोंबडीचा लालभडक बलक घ्यायचा.”

मी हसायची थांबले. रापलेली कातडी आणि लालभडक बलक, दोन्ही माझ्या घरी होतं. फक्त बलकावर आईचा पहारा होता.

त्यामुळं दादाला सोप्यात बसून प्यायची शिक्षा झाली, त्या दिवशी मला देव पावल्यासारखं झालं. दुपारी तो माझ्याकडं आला.

“शाले, मरतोय मी आता. पहिल्याच घोटाला उलटी हुणार, आन ती आईच्या लुगड्यावर.”

“नुसतं पांढरं जाईल का पोटात?”

“पांढरं जातंय. त्यो पिवळा गोळा गळ्यातनं घसरतोय न्हवं, तवा जीव जातोय.”

“मग पिवळा मला दे.”

दादा माझ्याकडं बघत राहिला. “तू पिणार?”

“रंगवणार.”

हे त्याला कितपत कळलं माहीत नाही, पण सौदा लगेच पटला. अडचण एकच होती. पांढऱ्याचं दूध पांढरंच दिसणार आणि आई काही आंधळी नव्हती. त्यावर मी हळद काढली. दुसऱ्या दिवशी पहाटे परसात धुण्याच्या दगडाआड दादानं अंडी फोडली, बलक माझ्या वाटीत आले, पांढरं दुधात गेलं आणि वर चिमूटभर हळद. दादानं आईसमोर मांडी घातली, तांब्या तोंडाला लावला आणि तळ दाखवला.

“आता कसं,” आई म्हणाली. “रंग बघ कसा आलाय. गावरानच ते.”

माळ्यावर माझा कारखाना होता. शिडी उभी आणि अरुंद, आईचा गुडघा दुखरा, त्यामुळं तिथं तिचं येणं नव्हतं. मी प्लायवूडला खडूची भुकटी आणि सरस यांचे हात देऊन, घासून घासून फळी गुळगुळीत करून ठेवली होती. आता उरला होता बलक. पुस्तकात होतं की तो एका तळहातावरून दुसऱ्यावर घ्यायचा, म्हणजे कोरडा होतो, मग कातडीला चिमटीत धरून खालून सुईनं टोचायचा. मी तळहातावर घेतला आणि तो फुटून माझ्या कोपरापर्यंत गेला. दुसरा परकरावर सांडला. तिसऱ्याला मी रडायच्या बेताला आले.

“सरक,” दादा म्हणाला. “दाबतीस कशाला? त्येनं काय केलंय तुझं?”

आणि ज्या हातांनी तो माणसं उलथी करायचा त्या हातांवर त्यानं तो बलक घेतला. ह्या पंज्यावरून त्या पंज्यावर. झोपलेलं पोर एकाच्या मांडीवरून दुसऱ्याच्या मांडीवर द्यावं तसा. मग दोन बोटांत कातडी उचलून धरली. मी सुई टोचली, बलक वाटीत उतरला आणि त्याच्या बोटांत नुसती पातळ पिशवी लोंबत राहिली. आम्ही दोघं हसलो. तेव्हापासून ते काम त्याचंच.

चित्र काढायचं होतं त्याचंच: मेहनत करून पैलवान कुस्तीच्या मातीच्या हौद्याच्या कडेला टेकलाय आणि अंगाला माती चोळतोय. तालमीत बायकांनी जायचं नाही, त्यामुळं हौदा आमच्या परसातला, आणि कड म्हणजे पालथा घातलेला हंडा. आई बाजारात गेली की तो तिथं बसायचा. पैलवान जागचा हलत नसे, हे खरं. पण कारण वेगळं होतं. तो उघड्या डोळ्यांनी झोपायचा.

अंगाच्या रंगाशी मी अडले. दुकानातला एकही तांबडा मला पटेना. मग डोक्यात आलं, ज्या मातीनं हे अंग रंगलंय तीच माती घ्यावी. चाळलेली, मऊ, कुंकवासारखी. लोक ती कपाळाला लावतात. वडीलही त्याच मातीत घोळलेले. दादानं पंचाच्या टोकाला बांधून मूठभर आणली. मी ती काचेवर पाण्यात घोटली, बलकात कालवली आणि बारीक कुंचल्यानं रेघेशेजारी रेघ ओढत गेले. टेम्पराचा रंग लगेच वाळतो, त्यात फिरवाफिरवी चालत नाही, असं सर म्हणाले होते. काय रंग आला म्हणून सांगू. छाती, दंड, खांदे, सगळं जिवंत वाटायला लागलं. मी मनातल्या मनात पाहुण्यांना नमस्कार करून इचलकरंजीला परत पाठवूनही दिलं.

फक्त रंग वाळेना.

आज वाळेल, उद्या वाळेल म्हणून मी वाट बघितली. बोट लावावं तर बोटाला चिकटायचा. चेहरा, पंचा, मागची भिंत, जिथं दुकानातले रंग होते ते सगळं खडखडीत वाळलेलं, आणि अंग मात्र ओलं. मग एका सकाळी वर गेले तर भिंतीवरून मुंग्यांची रांग चढलेली. ती थेट पैलवानाच्या छातीवर पोचली होती आणि तिथं त्यांचं जेवण चाललं होतं.

मी फुंकर मारून, झटकून मुंग्या काढल्या आणि फळी उचलून प्रदर्शनाच्या आधी सरांकडं पळाले. सरांनी रुमाल नाकाशी धरला, वाकून बघितलं, आणि रुमाल काढून हुंगलं.

“माती कुठली?”

“तालमीची, सर.”

सर इतके हसले की त्यांना चष्मा काढावा लागला. “अहो शालन, हिला माती म्हणू नका. हे जेवण आहे. हिला किती वर्षं तेल पाजलंय, ताक पाजलंय, लिंबं पिळलीत, सणासुदीला तूपही घातलं असेल. ही कशी वाळेल? मुंग्यांना तुमच्यापेक्षा जास्त कळतं.”

मला हसू आलं नाही. मी म्हटलं, “सर, हे चित्र लागलं नाही तर माझं लग्न आहे.”

सरांचं हसू मावळलं. चष्मा पुन्हा चढवून ते म्हणाले, “खरवडा. किराणा दुकानातली साधी काव घ्या, उंबऱ्याला लावतात ती. बलक तोच. दिवस आहेत अजून.”

चांगलं जमलेलं अंग आपल्याच हातानं पातीनं खरवडून काढताना काय वाटतं ते मी सांगत बसत नाही. छाती गेली, दंड गेले. डावा खांदा राहिला. तिथं पाती लावली, आणि हात पुढं गेला नाही. एवढी एक जागा असू दे, म्हटलं. त्या संध्याकाळी बाकीची फळी उघडी टाकून, मुंग्यांच्या स्वाधीन करून मी खाली आले आणि न जेवता झोपले.

सकाळी वर गेले तर फळीभोवती हळदीचं रिंगण होतं. नीट, अखंड, कुठं तुटलेलं नाही. मुंग्या रिंगणापर्यंत येऊन परत फिरल्या होत्या. मला दादाचा उमाळा आला. तो तालमीतून आल्यावर मी म्हटलं, “हळद टाकलीस ते बरं केलंस.”

“व्हय, टाकली की,” दादा म्हणाला. तो दुधातल्या हळदीबद्दल बोलत होता हे मला पुष्कळ दिवसांनी कळलं.

हळदीवरून घरात एकदा बोलणंही निघालं. आई डबा उलटा करून दाखवत म्हणाली, “ह्या घरात कुणाचं लगीन लागतंय का काय? हळद पुरंना मला.” दादानं घास गिळला आणि मी पाणी प्यायले. आईनं डबा झाकून ठेवला.

काव आणि बलक लागलीच वाळत होते. रेघ मारावी की वाळली. मी दिवसभर रेघा ओढायचे, आणि दादा सकाळी बलक झेलायचा. मध्येच नदीपलीकडच्या जत्रेत त्याची मोठी कुस्ती होती. मला धाकधूक लागली. पांढऱ्यावर आणि हळदीवर हा गडी कुठवर तग धरणार? पण दादानं समोरच्याला असं काही उचलून टाकलं की तो उठून कपडे घालीपर्यंत हलगी थांबली नाही. गदा नाही, पण फेटा मिळाला. दुसऱ्या दिवशी दादाच्या तालमीचे बंडा वस्ताद स्वतः चहाला घरी आले.

“वैनी,” ते आईला म्हणाले, “ही कुस्ती ह्येनं न्हाई मारली. तुमच्या गावरान अंड्यांनी मारली. बलकाची ताकद. बघणाराला कळतंय.”

दादाला चहाचा ठसका लागला. मी आत पळाले. आई मात्र पदर सावरून शांतपणे म्हणाली, “व्हय, अंडी चांगलीच हायत ती.” पुढच्या आठवड्यात गल्लीतली प्रत्येक आई गावरान अंडी शोधत फिरायला लागली.

चित्र वेळेवर गेलं. आणि लागलं. दारातून आत गेल्यावर समोरच्याच भिंतीवर. मी ते बघितलं आणि दारातच खाली बसले. मुंबईहून आलेले परीक्षक डाव्या खांद्यापुढं थांबले आणि त्यांनी सरांना विचारलं, “टेम्परा कोरडा दिसतो. ही घामाची चमक कशी आणली?” सर म्हणाले, “ती तिची स्वतःची पद्धत आहे,” आणि माझ्याकडं न बघता पुढं गेले. ते चित्र आज माझ्याकडंच आहे. हवा दमट झाली की अजूनही त्या एका खांद्याला घाम येतो, आणि मी तो पुसत नाही.

प्रदर्शनाला आई आली. ठेवणीतलं इरकली लुगडं, डोक्यावरून पदर, मागं दादा. अशा जागी ती पहिल्यांदाच येत होती, पण चालली अशी की जागा तिचीच. चित्रापुढं उभी राहिली. मला भीती वाटत होती. चित्राची नव्हे, तिची.

मग तिनं छातीच्या जागी बोट नेलं, न टेकवता, आणि म्हणाली, “हितं मात्र अंगाला लागल्यात.”

“काय?” मी विचारलं.

“अंडी.”

दादा एक पाऊल मागं सरकला. एवढा पैलवान, पण पळायची वाट बघत होता.

“तुला कधी कळलं?” मी हळूच विचारलं.

“कधी म्हंजे? पेरवाच्या बुडात अंडी वतत हुता हा. बाकीच्यांच्या पेरवाला पानं, आन आपल्या झाडाला फांद्या मोडस्तोर पेरू. म्हणून तर सोप्यात बसवला. मग हळद सरायला लागली.” ती चित्रावरून नजर न काढता बोलत होती. “मग भिताडावरनं मुंग्या वर जाताना दिसल्या.”

“आई, तू माळ्यावर चढलीस? गुडघा तुझा…”

“चढायला लागलं हळूहळू. वर गेल्यावर बघितलं तर तुझा बाप बसला हुता.”

मी चित्राकडं बघितलं, मग दादाकडं.

“ह्यो न्हवं,” दादाकडं मान हलवत ती म्हणाली. “ह्येचं काय, ह्यो बसतोय पेंगत. त्येंचा खांदा असा हुता. मेहनत करून आलं की असंच टेकायचं. आन त्या खांद्यावर मुंग्या चढलेल्या. मला बघवंना. हळद टाकली.”

तिचे डोळे भरले होते. ते मी आधी कधी बघितलं नव्हतं, आणि मला काय करावं ते सुचेना, म्हणून मी तिचा हात धरला.

“पण मग बोलली का नाहीस?” मी म्हटलं. “त्याची कुस्ती तोंडावर होती. हरला असता तर?”

“हरला असता तर हरला असता. झाडाला घालत हुता तवा मी त्येला काय म्हटलं न्हाई. मग पोरीला घालतोय तवा कसं म्हणू?”

घरी येताना तिनं वाटेत इचलकरंजीच्या पाहुण्यांना नकाराचा निरोप पाठवायला सांगितलं. दादा दिवसभर लांबलांब राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सोप्यात आले तर दादा पाटावर बसला होता. समोर नुसतं दूध, आणि डोळ्यांत विश्वास बसत नसल्यासारखा आनंद. पाटाच्या शेजारी दुसरा पाट मांडला होता. त्याच्यापुढं वाटीत कोंड्यासकट दोन गावरान अंडी.

“ही कुणाची?” मी विचारलं.

“तुझ्या वाट्याची,” आई चुलीपुढून म्हणाली. “मामाला सांगितलंय, हितनं पुढं दोघांची आणत जा.”

मी ती हातात घेतली. गार होती, एकाला अजून कोंडा चिकटलेला. तापाशिवाय, पूर्ण आणि माझ्या नावाचं अंडं मी पहिल्यांदाच धरत होते.

“खाऊ का रंगवू?”

“तुझी हायत. मला काय विचारालीस?”

मी एक परसात फोडून, तव्यावर टाकून खाल्लं आणि दुसरं माळ्यावर नेलं.